पायरी ओळखून राहा!

घरात सगळं मॅचिंग असावं, हा माझा हट्ट. टाइल्स मॅचिंग, पडदे मॅचिंग, अगदी कुंड्यासुद्धा मॅचिंग. या मॅचिंगच्या नादात आमच्या हॉलमधली एक पायरी दिसेनाशी झाली आणि तिची किंमत माझ्या सासूबाईंच्या मनगटानं मोजली. त्या एका पायरीची ही गोष्ट. तुमच्या घरात अशी पायरी असेल, तर जरा नीटच वाचा!

आमच्या घरात एक पायरी आहे. एकच. उंची पाच इंच, लांबी नऊ फूट. हॉल आणि डायनिंग यांच्या मधोमध ती ऐसपैस पसरलेली असते. तीन वर्षांपूर्वी कोथरूडला आम्ही हा रिसेलचा फ्लॅट घेतला, तेव्हा खरं सांगायचं तर या पायरीच्याच प्रेमात पडले होते मी. ‘काय सुंदर स्प्लिट लेव्हल आहे!’ असं एजंटसमोरच म्हणून बसले, आणि भाव करायची नवऱ्याची सगळी तयारी तिथेच पाण्यात गेली.

ही स्प्लिट लेव्हल कुणा आर्किटेक्टनं डोकं लढवून केलेली नव्हती. डायनिंगची जागा म्हणजे पूर्वीचं टेरेस. गळती होऊ नये म्हणून टेरेसच्या स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा करतात. म्हणजे विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवायचे, पाणी वाहून जाईल असा उतार द्यायचा आणि वरून सिमेंटचा थर. चार-पाच इंच जाडी सहज होते त्याची. आधीच्या मालकांनी रीतसर परवानगी घेऊन टेरेस आत घेतलं, मधली भिंत पाडली, पण कोबा तसाच ठेवला. झाली पायरी तयार! जुन्या सोसायट्यांमध्ये टेरेस किंवा बाल्कनी आत घेतलेल्या घरांत, शेजारचे दोन फ्लॅट जोडलेल्या घरांत किंवा जुन्या लादीवरच नवीन लादी बसवलेल्या घरांत अशी एखादी बेवारस पायरी हमखास सापडते. तिची कुणी योजना केलेली नसते. ती फक्त उरलेली असते.

आम्ही रिनोव्हेशन काढलं तेव्हा मी सगळीकडे एकच टाइल निवडली. दोन बाय दोनची, आयव्हरी रंगाची, आरशासारखी चकाकणारी व्हिट्रिफाइड. खालीही तीच, वरही तीच आणि पायरीच्या उभ्या बाजूलाही तीच. वर हौस अशी, की खालच्या टाइल्सचे जोड आणि वरच्या टाइल्सचे जोड एका रेषेत आलेच पाहिजेत. ‘कंटिन्युइटी’ हवी होती ना मला!

काम करणारे मिस्त्री साठीचे. एका दुपारी ते पायरीजवळ उकिडवे बसून म्हणाले, “ताई, कडेला काळ्या ग्रॅनाइटची पट्टी टाकू का? दोन इंचाची?”

“नको हो, काका. सगळं तुटक तुटक दिसेल.”

“तुटक दिसलं तर बरं असतं. नाही तर पाय चुकतो माणसाचा.”

मी हसले. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

हसण्यावारी नेलेल्या तीन घंटा

धोक्याची घंटा एकदम नाही वाजली. तीनदा वाजली, आणि तिन्ही वेळा आम्ही खो खो हसलो.

पहिल्यांदा हाउसवॉर्मिंग पार्टीत. नवऱ्याच्या ऑफिसमधला एक मित्र कोल्ड्रिंकचा ग्लास घेऊन डायनिंगमधून हॉलमध्ये आला आणि शेवटचं पाऊल हवेतच टाकलं. ग्लास सोफ्यावर, मित्र माझ्या जावेच्या अंगावर. मग कुरिअरवाला. मग मी स्वतः, रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा. करंगळी आठवडाभर काळीनिळी होती. पण आम्ही काय केलं? त्या पायरीला ‘वेलकम ड्रिंक’ असं नाव ठेवलं. नवीन माणूस आला की आधी एक हेलकावा, मग चहा.

चौथी घंटा गौरी जेवणाच्या दिवशी वाजली.

सासूबाई वाईहून खास गौरींसाठी आल्या होत्या. या घरातल्या पहिल्या गौरी. हॉलमध्ये आरास, डायनिंग टेबलावर पानं वाढायची तयारी. आईंनी पुरणपोळीच्या नैवेद्याचं ताट दोन्ही हातांत धरलं आणि त्या हॉलकडे निघाल्या. मी आत पोळी उलटत होते. ताट पडल्याचा आवाज आला आणि त्यानंतर, काहीच नाही. ती शांतता अजून माझ्या कानात आहे.

बाहेर येऊन बघते तर आई जमिनीवर बसलेल्या, उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं आणि कटाची आमटी त्या आयव्हरी टाइल्सवर दूरवर पसरलेली.

“अगं, नैवेद्याचं बघा आधी,” त्या म्हणाल्या, “दुसरं ताट वाढ.”

एक्स-रे, मनगटाजवळचं हाड मोडलेलं, सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, पडताना माणूस हात पुढे टाकतो, म्हणून मनगट जातं. खुब्यावर पडल्या असत्या तर ऑपरेशन, महिनोनमहिने अंथरूण आणि पुढे काय काय, ते त्यांनी थोडक्यातच सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या माहितीनुसार जगात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसं पडण्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ता अपघातांच्या खालोखाल ‘पडणं’ येतं, आणि त्यात साठीच्या पुढची माणसं सर्वांत जास्त. गाडीत बसलं की आपण सीटबेल्ट लावतो. घरात मात्र म्हणतो, “जरा बघून चालायचं ना!”

आईसुद्धा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत होत्या, “माझंच लक्ष नव्हतं हो.” आणि मी? मी गप्प. नऊ फूट लांबीचा सापळा हौसेनं पॉलिश करून ठेवला होता मी, आणि माफी मागत होत्या त्या.

घर मोठं, पण चालता येत नाही

प्लास्टरची सवय आठवड्याभरात झाली. बदललं ते दुसरंच काही. आई डायनिंगवर येईनात. “मी इथेच बसते, सीरियल बघत जेवते,” म्हणायच्या. मला खरंच वाटलं, सीरियल. मग लक्षात आलं, सकाळी त्या बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालायलाही जात नाहीत. तिथे जायचा रस्ता डायनिंगमधून. एवढी चहाची शौकीन बाई, पण चहासुद्धा मी नेऊन देईपर्यंत थांबायची. अवघ्या पाच इंचांनी निम्मं घर त्यांच्यासाठी बंद करून टाकलं होतं.

एका दुपारी वर्क फ्रॉम होम होतं. त्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. “प्लास्टर निघालं की जाते गं मी वाईला. घर छान आहे यांचं, मोठं आहे. पण मला चालता येत नाही त्यात.”

मी लॅपटॉप बंद केला आणि त्या पायरीवर जाऊन उभी राहिले. घर घेतल्यापासून पहिल्यांदाच तिच्याकडे सजावट म्हणून नाही, पायरी म्हणून बघितलं.

दिसत का नाही?

त्या दिवशी मी वेड्यासारखी तासभर वर-खाली करत होते. खालून, म्हणजे हॉलमधून बघितलं की पायरीची उभी बाजू तरी थोडी दिसते. वरून, म्हणजे उतरताना, ती उभी बाजू दिसतच नाही. दिसते फक्त कड. आणि कडेच्या अलीकडे-पलीकडे तोच रंग, तीच चकाकी आणि एका रेषेत जुळवलेले तेच जोड असतील, तर डोळ्याला एक सलग जमीन दिसते. म्हणजे मी पैसे मोजून जी ‘कंटिन्युइटी’ आणली होती, तिनंच कड पुसून टाकली होती. तिघांपैकी दोघे उतरतानाच चुकले होते, आणि आईही.

नंतर मी ऑफिसमधल्या एका आर्किटेक्ट मैत्रिणीला गाठलं. तिनं चार गोष्टी सांगितल्या.

पहिली, सपाट जमिनीवर चालताना आपण पाऊल जेमतेम एक-दोन सेंटिमीटरच उचलतो. मेंदू शक्ती वाया घालवत नाही. पुढे पायरी आहे हे कळलं तरच पाऊल वर जातं. पूर्ण जिना असला की कठडा दिसतो, पायऱ्यांची रांग दिसते, शरीर आपोआप तयार होतं. एकट्या पायरीला असली काही वर्दी नसते. म्हणूनच दहा पायऱ्यांच्या जिन्यापेक्षा एकटी पायरी जास्त दगा देते.

दुसरी, पायरी बुटकी असणं हा काही दिलासा नाही. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) राहत्या घरातल्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच, सांगितली आहे. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडमध्ये तर पायरी कमीत कमी किती असावी, तेही दिलंय. चार इंच! कारण त्याहून बुटकी पायरी नजरेतून सुटते. दोन इंचांचा चढ हा तर ठेच लागण्यासाठीच बनवल्यासारखा.

तिसरी, वय. साठीच्या डोळ्यातलं भिंग पिवळसर झालेलं असतं, बाहुली लहान झालेली असते, आत पोचणारा उजेड विशीच्या मानानं खूपच कमी. आपल्याला ‘मूड लायटिंग’ वाटतं ते त्यांच्यासाठी चक्क अंधार असतो. त्यात आईंचा चष्मा प्रोग्रेसिव्ह. त्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, हाताच्या अंतरावरचं दिसावं म्हणून. खाली पायांकडे बघितलं की नजर नेमकी त्याच भागातून जाते आणि चार-पाच फुटांवरची जमीन धूसर होते.

चौथी गोष्ट तिनं विचारली, “हातात काय होतं त्यांच्या?”

नैवेद्याचं ताट. म्हणजे पायाखालचं जे काही थोडंफार दिसलं असतं, तेही झाकलेलं. आणि डायनिंग टेबल जिथे असतं तिथे कुणाच्या ना कुणाच्या हातात ताट असणारच. ‘लक्ष नव्हतं’ कुठलं? लक्ष देऊनही दिसलं नसतं त्यांना.

जुगाडांचा आठवडा

मग सुरू झाले आमचे प्रयोग. नवऱ्यानं पायरीच्या खाली, हॉलच्या बाजूला एक लाल गालिचा टाकला. ‘रंग वेगळा, दिसेल!’ दिसला. पण गुळगुळीत टाइलवर तो सरकायचा आणि त्याची कड मुडपायची. पायरीत अडखळण्याआधी आता गालिच्यात अडखळायची सोय झाली. दोन दिवसांत गालिचा माळ्यावर.

मग काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची टेप. दिसायला उत्तम, पण हॉलचं रूप थेट मेट्रोच्या साइटसारखं. वर रोजच्या फरशी पुसण्यानं तिची टोकं सुटली, आणि एका सुटलेल्या टोकात माझीच चप्पल अडकली. मग दोन्ही टोकांना कुंड्या. त्यामुळे नऊ फुटांचे सात फूट झाले, पण मधले सात फूट जसेच्या तसे.

‘पायरीच काढून टाकू’ हाही विचार झाला. डायनिंगचा कोबा फोडायचा, तर वॉटरप्रूफिंग फुटणार आणि खालच्या मजल्यावर गळती. हॉलची जमीन पाच इंच उचलायची, तर मग बेडरूमच्या दारात पायरी आणि मुख्य दारातही पायरी. म्हणजे पायरी जात नाही, फक्त पत्ता बदलते!

रॅम्प? रॅम्पचं गणित साधं आहे. सुगम्यतेच्या नियमांत १:१२ चा उतार सांगतात, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. पाच इंचांना साठ इंच, पूर्ण पाच फूट. आमच्या हॉलची रुंदीच अकरा फूट. सोफा बाहेर काढला असता तर बसला असता रॅम्प. घरात कुणी व्हीलचेअरवर असतं, तर सोफा बाहेर काढून आम्ही तो केलाच असता. पण जागा नाही म्हणून दोन फुटांत उरकलेला चढा रॅम्प म्हणजे नुसती घसरगुंडी, आणि पायरीचे अडीच-अडीच इंचांचे दोन भाग करणं म्हणजे एका सापळ्याचे दोन.

थोडक्यात, पायरी राहणार होती. तिला दिसायला शिकवायचं होतं.

गेरूची रेघ

एका सकाळी उठून हॉलमध्ये आले तर पायरीच्या कडेनं एक लाल रेघ. वेडीवाकडी, कुठे जाड, कुठे फिकट, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुळशीच्या कुंडीसाठी आणलेला गेरू आईंनी वाटीत कालवला होता आणि जमिनीवर बसून, डाव्या हातानं, सरकत सरकत नऊ फूट रेघ ओढली होती. पहाटे, आम्ही उठायच्या आत.

“रागावू नकोस,” त्या म्हणाल्या. “पुसलं की जातो. तुझी फरशी खराब नाही होणार.”

मला काय बोलावं कळेना. या बाईला माझ्या घरात चालता यावं म्हणून एक रेघ हवी होती आणि तीसुद्धा पुसता येईल अशी, म्हणजे माझी फरशी खराब नको!

त्या दिवशी आम्ही दोघी पायरीवरच बसून चहा प्यायलो. आई वाईच्या त्यांच्या सासरच्या जुन्या वाड्याबद्दल सांगत होत्या. “तिथे तर पावलापावलाला पायरी. अंगणातून पडवी, पडवीतून ओटी, ओटीवरून माजघर. उजेड म्हणशील तर एक कंदील. पण पडलेलं कुणी आठवत नाही बाई. उंबऱ्याला रोज हळदकुंकू, रांगोळी. लाकडी उंबरठा केवढा जाड, फरशीपेक्षा वेगळाच. अंधारातसुद्धा पायाला कळायचा.”

मी ऐकत राहिले. उंबऱ्यावरचं हळदकुंकू लक्ष्मीसाठी असतं, हे खरंच. पण घरातली सगळ्यांत धोक्याची कड रोज सकाळी रंगवायची आणि तिच्यापाशी येऊन प्रत्येकानं क्षणभर सावध व्हायचं, असंही काहीतरी त्यात आपसूक साधत होतं. तुळशीबागेत मिळणारी ती लक्ष्मीच्या पावलांची उंबरापट्टी मला आजवर ‘डाउनमार्केट’ वाटायची. आता वाटतं, आमच्या इंटिरिअरपेक्षा तिला जास्त अक्कल होती. रेल्वेच्या जिन्यांच्या कडा पिवळ्या रंगवलेल्या असतात, सिनेमागृहात पायऱ्यांना दिवे असतात, मुंबईच्या लोकलमध्ये फलाट आणि गाडीतल्या अंतराकडे लक्ष द्या म्हणून बजावतात. सगळीकडे कड सांगितली जाते. लपवतो फक्त आपण, आपल्या ‘एलिगंट’ घरात.

संध्याकाळी मी मिस्त्रीकाकांना फोन लावला. “काका, ती काळी पट्टी…”

“येतो रविवारी,” एवढंच म्हणाले ते. ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणाले नाहीत. मोठेपणा त्यांचा.

मग केलं काय?

आधी पट्टीचा रंग. माझा जुना स्वभाव जाता जाईना. काळी नको, तांबूस-बदामी घेऊ, टाइलला शोभेल, असं मनात होतं. आर्किटेक्ट मैत्रिणीनं एक भन्नाट युक्ती सांगितली. नमुन्याचा तुकडा कडेवर ठेवायचा आणि मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढायचा. फोटोत पट्टी उठून दिसली तर पास, जमिनीत मिसळली तर नापास. कारण म्हाताऱ्या डोळ्याला आणि कमी उजेडात रंगापेक्षा फिकट-गडद हा फरक जास्त उपयोगी पडतो. माझा लाडका बदामी तुकडा फोटोत चक्क गायब झाला! पितळी पट्टीही बघितली. ती दिवा लावला की चमकायची आणि तिच्या चमकण्यात कडच हरवायची. शेवटी काळा ग्रॅनाइटच, पण पॉलिश केलेला नाही. लेदर फिनिशचा, म्हणजे किंचित खरबरीत, न चमकणारा आणि पायाला धरून ठेवणारा.

रुंदी दोन इंच, सार्वजनिक इमारतींत पायरीच्या कडेला साधारण ५० मिलिमीटरची पट्टी देतात तेवढीच. मिस्त्रीकाकांनी कटरनं टाइल कापली आणि पट्टी जमिनीशी अगदी सपाट बसवली. वर उचललेली पट्टी म्हणजे नवी ठेच. पट्टी अगदी कडेवरच हवी, मागे सरकवून नाही. नाहीतर पट्टी संपली म्हणजे पायरी संपली, असं वाटून पाऊल चुकतं. पायरीच्या उभ्या बाजूलाही गडद टाइल लावली, म्हणजे हॉलमधून चढतानाही दिसावी.

मग उजेड. उभ्या बाजूच्या वरच्या काठाखाली, आत लपवून, उबदार पिवळ्या प्रकाशाची एलईडी पट्टी बसवली. दिवा डोळ्यांना दिसत नाही, फक्त खालच्या जमिनीवर उजेड पडतो. ते महत्त्वाचं, कारण डोळ्यांत घुसणारा दिवा कड दाखवण्याऐवजी दिपवून टाकतो. तिला सेन्सर आहे. रात्री कुणी जवळ आलं की लागते. डायनिंगच्या मोठ्या दिव्याला टू-वे स्विच केला, एक वर, एक खाली. आधी बटण फक्त डायनिंगच्या भिंतीवर होतं. म्हणजे उजेड करायला अंधारात पायरी चढून जायचं!

आणि आधार. भिंतीच्या टोकाला पायरीशेजारी एक उभा लाकडी दांडा लावला. मुठीत नीट मावेल असा, सुमारे दीड इंच जाडीचा, कंबरेपासून खांद्यापर्यंत. टॉवेल लटकवायच्या नाजूक रॉडवर भागवू नका, तो माणसाचं वजन पेलण्यासाठी नसतो. आमचा सुतारानं भिंतीत खोल फिशर घालून बसवला आणि मग नवऱ्याला त्याला लोंबकळायला लावलं. टेस्टिंग!

शेवटी फर्निचर. सोफा आणि शोकेस अशा सरकवल्या की येण्या-जाण्याची वाट दांड्याशेजारूनच जाते. उरलेल्या भागात पायरीवर उंच, जड कुंड्या ओळीनं ठेवल्या. नऊ फुटांची वाट साडेतीन फुटांवर आली. आता पायरी कुठेही भेटत नाही, एकाच ठिकाणी भेटते, आणि तिथे पट्टी, दिवा, दांडा असे तिघे हजर असतात. या वेळी कुंड्या उपयोगी पडल्या, कारण मधली वाट आधी ठरवलेली होती.

दोन दिवसांचं काम. खर्च? एका वीकेंडला आम्ही चौघं महाबळेश्वरला जाऊन येतो त्याहून कमी. आणि दिसतं कसं म्हणाल तर, काय सांगू, पायरी पहिल्यांदाच पायरीसारखी दिसते. आलेली प्रत्येक मैत्रीण विचारते, “हे डिझाइन कुणाचं गं?”

“माझ्या सासूबाईंचं,” मी सांगते.

पुढे काय झालं

प्लास्टर निघालं तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. मनगट अजून पूर्ण वळत नव्हतं. त्या पहिल्यांदा पायरीपाशी आल्या तेव्हा मी स्वयंपाकघरातून बघत होते, मुद्दाम जवळ गेले नाही. त्यांनी दांडा धरला, पाय पुढे करून पट्टीवर टेकवला, थांबल्या, मग उतरल्या. दिवसातून दहा वेळा तसंच. आजही तसंच. भीती अशी एका ग्रॅनाइटच्या पट्टीनं जात नाही. पण चौथ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती तुळशीपाशी वाजणाऱ्या तांब्याच्या आवाजानं.

लक्ष्मीपूजनाला त्यांनी पायरीपाशी रांगोळी काढली. पायरीवर नाही हं, बाजूला, भिंतीशी. “पीठ पायाखाली आलं की घसरतं,” असं मलाच समजावून सांगितलं.

भाऊबीज झाली आणि त्या वाईला निघाल्या. ठरल्याप्रमाणेच निघाल्या. मी अडवलं नाही. बॅग गाडीत ठेवताना मात्र म्हणाल्या, “त्या मिस्त्रीचा नंबर दे गं. आमच्या मोरीच्या दारात पायरी आहे ना, तिथे पट्टी टाकून घेते. काळी नको, मला पिवळी आवडते.”

तुमच्या घरची पायरी: दहा मिनिटांची तपासणी

• संध्याकाळी, नेहमीचेच दिवे लावून, पायरीच्या वरच्या बाजूला उभं राहा. हातात मोठं ताट धरा. कड दिसते का?

• मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. वरून एक, खालून एक. कड गायब झाली तर पट्टी हवीच.

• पट्टी अगदी कडेवर, सुमारे दोन इंच रुंद, जमिनीशी सपाट आणि न चमकणारी असावी. फिकट जमिनीला गडद, गडद जमिनीला फिकट.

• भाड्याचं घर असेल तर खरबरीत अँटी-स्किड टेप चालते. पण जमीन आधी पुसून पूर्ण कोरडी करा, आणि टोक सुटलं की टेप लगेच बदला.

• पायरीच्या वर किंवा लगेच खाली गालिचा, पायपुसणं, चपला, खेळणी काहीही नको.

• दिव्याचं बटण पायरीच्या दोन्ही बाजूंना हवं. रात्रीसाठी सेन्सरचा छोटा दिवा लावा, पण तो डोळ्यांवर येऊ देऊ नका.

• हाताला आधार हवा, आणि तो भिंतीत पक्का बसवलेला हवा.

• घरात प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा वापरणारं कुणी असेल, तर घरात चालण्यासाठी वेगळा, फक्त लांबचा चष्मा ठेवावा का, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

• पाहुणा पायरीपाशी अडखळला, तर हसू नका. कड कुठे लपली आहे ते शोधा.